चौदा किलो चुरा

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

वही लिहा म्हणे! एकतीस वर्षं चिक्कीचा पाक काढतोय आणि आता या वयात मला वही. नववीत शाळा सोडली ती वह्यांना कंटाळूनच.

कैलासशेठनी सकाळी सगळ्यांना ओट्याजवळ उभं केलं. शेजारी एक पोरगी. कौसर नाव, तळेगावची, इंजिनियर. शेठ म्हणाले, "शंभर किलो चिक्कीमागं चौदा किलो चुरा निघतोय. चुरा कोण विकत घेतो? दसऱ्यापर्यंत सहा किलोवर आला न्हाई तर मी भट्टी विझवणार. बाहेरून तयार चिक्की आणायची आणि आपल्या पाकिटात भरायची."

भट्टी विझली म्हणजे मी विझलो. पाकवाल्याला पाकिटं भरायला कोण ठेवणार? कुसगावात मला गेणू म्हणून कमी ओळखतात आणि पाकवाला म्हणून जास्त.

तर ही कौसर आता आमाला खर्च कसा वाचवायचा ते शिकवणार. तिचे तीन नियम तिनं फळ्यावर लिहिले. एक, प्रत्येक गोष्टीला पाच वेळा 'का' विचारायचं. दोन, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि रोज चुरा तोलायचा. तीन, काही विकत आणायच्या आधी जे हितं आधीच आहे त्यातून मार्ग काढायचा. तिसरा वाचून मला हसूच आलं. हितं आधीच काय आहे? एक कढई, पाच बाया आणि मी.

मग सगळ्यांना वह्या वाटल्या. "जे दिसेल ते लिहा, गेणूभाऊ. बरोबर-चूक नंतर बघू." आवाज चिमणीएवढा. ओठांकडं बघून समजून घ्यावं लागतं. शिकलेल्या पोरींना तोंड उघडून बोलायला काय होतं? ही वही मी तिला दाखवणार न्हाई. हितं मी माझं लिहिणार.

५ सप्टेंबर

दिवसभर माझ्या मागं. पाक झाला हे कसं कळतं?

सांगितलं. चमच्यानं थेंब घ्यायचा, गार पाण्याच्या वाटीत सोडायचा. गोळी झाली की उचलून स्टीलच्या ताटलीवर टाकायची. टण्ण वाजली की पाक झाला. मग एक क्षण थांबायचं न्हाई. दाणे टाकायचे, ढवळायचं, ओट्यावर ओतायचं, बायांनी लाटायचं. वाजायच्या आधी उतरवला तर चिक्की दाताला चिकटते, वाजल्यावर उशीर केला तर कडू होते आणि कापताना फुटते. माझ्या वस्तादानं मला दोन वर्षं नुसतं ऐकायला बसवलं होतं.

तिचं सुरू झालं. चुरा का होतो? कापताना मोडते. का मोडते? जास्त कडक आहे. कडक का? म्हटलं गूळ खराब. गूळ खराब का? म्हटलं बाई, तू पोलीस आहेस का? बाया खाली बघून हसल्या. हसायचंच काम आहे त्यांना.

बायांचं पण लिहून ठेवतो, एवीतेवी वही आहेच. यांना लय घाई. ताटली वाजली की लाटणी उचलायची ही हितली जुनी रीत. तर या पाक व्हायच्या आधीच लाटणी उचलून उभ्या राहतात, माझ्याकडं बघतात आणि परत खाली ठेवतात. घाण्यामागं घाणा हेच. सविता तर अजून शिकतेय, तिचं समजू शकतो. पण बयाबाई? ती माझ्याही आधीपासून हितं आहे. तिला कळायला नको?

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन. यंदा ढोल-ताशा अगदी मेलेला. पोरं हात तर लय आपटत होती, पण जोर न्हाई. आमच्या वेळी छातीत धडधडायचं. भामाला म्हटलं तर ती माझ्याकडं बघतच राहिली. "माझं डोकं उठलंय त्या आवाजानं," म्हणाली. आता हिला बोलायला पाहिजेच काहीतरी.

बायको आहे, पण तीसुद्धा हल्ली पाठमोरी पुटपुटते आणि मग म्हणते तीनदा हाक मारली. टीव्हीवरून रोज भांडण. मी लावला की ती बारीक करते.

११ सप्टेंबर

गूळ बदलला. चौदा किलो. कापायचं पातं नवं आणलं. चौदा. ओट्याला तेल कमी लावलं, मग जास्त लावलं. तेरा, चौदा. पोरगी रोज फळ्यावर आकडा लिहिते आणि त्या गोष्टीवर काट मारते. म्हणते, "हे चांगलं आहे गेणूभाऊ, कारण काय न्हाई ते कळलं." कानामागून आली आणि तिखट झाली. कारण काय न्हाई याला पगार मिळतो का कुटं?

फळ्यावर आता दोनच गोष्टी उरल्यात. एक 'दमट हवा'. दुसरी तिनं लिहिली आणि मी बघायला लागलो तशी हातानं पुसली. मी वाचली होती. 'पाक.'

तळपायाची आग मस्तकात गेली. माझा पाक! शेठच्या वडिलांनी माझा पाक बघून मला लोहगडच्या पायथ्यावरून हितं आणला. आणि कारखान्यात सगळीकडं कुजबुज. मी वळलो की ओठ हलायचे थांबतात. माझ्याबद्दलच बोलतात, दुसरं काय.

१३ सप्टेंबर, शनिवार

सापडला चोर!

सुट्टी व्हायच्या वेळी बयाबाईची पिशवी फाटकाजवळ कलंडली. आत काय? चुरा. तीन किलो तरी असेल. तोलायच्या आधीच भरून ठेवलेला. कौसर सगळ्या गोष्टींवर काट मारत बसली आणि नासधूस करणारी हितं शेजारी उभी. जाणूनबुजून मोडत असणार घरी न्यायला. आणि नाव माझ्या पाकाचं खराब!

मी शेठला तिथंच हाक मारली. फाटकात, सगळ्यांच्या देखत म्हटलं, "ही बघा चोर. हिच्यापायी भट्टी विझणार आहे." शेठनी विचारलं, बयाबाई, हे काय? ती काही बोलली न्हाई. एक शब्द न्हाई. नुसती माझ्याकडं बघत राहिली, पदर तोंडाला लावून. शेठ म्हणाले, सोमवारपासून येऊ नका. तिनं पिशवी उचलून तिथंच फाटकात उपडी केली आणि गेली.

चौतीस वर्षं ओट्यावर होती. मला वाईट वाटत न्हाई. माणूस हाताचा खरा पाहिजे.

सविता मला काहीतरी बोलली आणि रडत निघून गेली. काय बोलली कळलं न्हाई. चोराला साथ देणारी ती पण चोरच.

१६ सप्टेंबर

आज एकवीस किलो.

चोर गेली आणि चुरा वाढला. हे काय गौडबंगाल आहे? कौसरनं आकडा दोनदा तोलला. मी म्हटलं बाया मुद्दाम मोडतायत, बयाबाईचा राग माझ्यावर काढतायत. कौसर म्हणाली, "की आता कुणीच काही घरी नेत नाही म्हणून?" मी म्हटलं, एक बाई सात किलो नेते का? ती म्हणाली, "एक नाही नेत." कोड्यात बोलायची सवय आहे हिला. सरळ बोल ना!

शेठ भट्टीजवळ येऊन उभे राहिले, कढईकडं बघितलं आणि गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

तापानं तीन दिवस अंथरुणात होतो. शुक्रवारी आणि शनिवारी पाक सवितानं काढला. आज जाऊन फळा बघतो तर शुक्रवार सहा किलो, शनिवार पाच.

पाच! जी पोरगी मी हात धरून शिकवली, जिला दोन वर्षांपूर्वी चमचा धरता येत नव्हता, ती पाच किलो. आणि मी एकवीस. आपलीच बोटं आपल्याच डोळ्यात गेली.

मी ओरडलो. सगळ्यांवर ओरडलो. तुमी सगळ्या मिळून मला उठवायला बसलाय हितून, म्हटलं, ही इंजिनियरीण त्याचाच पगार घेते. सविता कोपऱ्यात सरकली. कौसर घाबरली न्हाई, त्याचाच मला जास्त राग आला. ती जवळ आली, तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "भाऊ, मग करून बघू. परवा. एक घाणा तुमचा, एक तिचा. गूळ एक, दाणे एक, कढई एक."

म्हटलं व्हय! शेठला पण बोलवा. सगळ्यांसमोर होऊ द्या. एकतीस वर्षांचा हात आहे हा.

२४ सप्टेंबर, बुधवार

लिहायला हात उठत न्हाई. तरी लिहितो, कारण मला कुणाशी बोलायचं न्हाई.

पहिला घाणा माझा. शेठ खुर्ची टाकून बसले होते. पाक उकळला, रंग आला, मी थेंब वाटीत सोडला. गोळी ताटलीवर टाकली. न्हाई वाजली. अजून वेळ होता. आणि समोर बघतो तर ओट्यावरच्या सगळ्या बाया लाटणी उचलून उभ्या. परत तेच! मी ओरडलो, खाली ठेवा ती. त्यांनी ठेवली न्हाईत. आज पहिल्यांदा ठेवली न्हाईत.

दुसरा थेंब टाकला. न्हाई वाजला. पाक काळपट व्हायला लागला होता. तिसरा टाकला. मी शेठकडं बघितलं तर शेठ दचकलेले, ताटलीकडं बघत होते. माझ्याकडं न्हाई, ताटलीकडं.

मग सविता आली आणि तिनं गॅस बंद केला. माझ्या कढईखालचा गॅस! मी हात उगारला तिच्यावर. देवाशपथ, उगारला. तिनं माझा उगारलेला हात धरला, कानाजवळ तोंड आणलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "भाऊ, वाजली! पयलीच गोळी वाजली! दोन वर्सं झाली, ती वाजती आन् आमी लाटणी उचलतो, आन् तुमी उतरवत न्हाई म्हणून परत ठेवतो!"

मी ताटली उचलली. पितळी उलथनं घेतलं आणि हाणलं तिच्यावर. बायांनी कानांवर हात ठेवले. मला लांब कुणीतरी दार लोटावं एवढंच आलं.

मग सविता सगळंच बोलली. आता तिला थांबवणार कोण होतं? माझे घाणे करपत होते, फुटत होते. मला सांगायची कुणाची छाती झाली न्हाई, कारण गेल्या वर्षी एकीनं 'भाऊ, जरा जास्त झाला का' म्हटलं तर मी झारा फेकून मारला होता. तेव्हा बयाबाईनं तोड काढली. थोडा थोडा चुरा प्रत्येकीनं डब्यात न्यायचा, म्हणजे तोलताना कमी भरंल आणि माझं नाव राहील. बयाबाई सगळ्यात जास्त न्यायची. मी विचारलं, करायचात काय त्याचं? सविता म्हणाली, "म्हशीला घालायचो. तुमचा करपलेला चुरा मानूस खात न्हाई, भाऊ."

सविताचा घाणा नंतर झाला. मी बघायला थांबलो न्हाई.

२५ सप्टेंबर

गेलो न्हाई कामावर.

सांगायचं ना! काय खाल्लं असतं का मी? दोन वर्षं मला कढईसमोर बुजगावण्यासारखं उभं केलं आणि मागनं डबे भरले. दया! मला दया नको होती, मला एक माणूस पाहिजे होता तोंडावर सांगणारा.

भामाला हेच म्हटलं. ती समोर येऊन बसली, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि एकेक शब्द फोडून बोलली, "मी सांगितलं व्हतं. संक्रांतीला. कान दाखवू म्हटलं. तुमी ताट भिरकावलंत. भिंतीला डाग हाय अजून, बघा."

बघितला. आहे.

तिचं एक पण वाक्य खोडता आलं न्हाई. आणि त्याचाच जास्त राग येतोय. स्वतःवर रागावायचं तर ओरडणार कुणावर?

बयाबाई फाटकात पदर तोंडाला लावून उभी होती. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. 'शेठ, हे याच्याच पाकाचं पाप आहे,' एवढंच. बोलली न्हाई. आणि मी तिला चोर म्हटलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

बयाबाई लेकीकडं परंदवडीला गेली असं कळलं. लोणावळ्याहून लोकल धरली, बेगडेवाडीला उतरलो आणि पुढं चालत.

अंगणात पावटा निवडत बसली होती. मला बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं. मी म्हटलं, बयाबाई, चुकलं. पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेतले.

आणि मग ती बोलली. आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं बोलली, म्हणून मला पण सगळं ऐकू आलं. "चुकलं? हितं परंदवडीत येऊन चुकलं? चोर म्हनताना कुटं व्हतास रं? फाटकात व्हतास ना? रस्त्यावरचं लोक बघत व्हतं ना? मंग हितं माज्या लेकीच्या अंगनात कुजबुजून काय उपेग? मी दोन वर्सं तुजी लाज डब्यात भरून न्हेली, गेणू. आन् तू माजी लाज रस्त्यावर सांडलीस."

मी म्हटलं, मला सांगायचं होतंस.

"तुला?" ती म्हणाली. "तुला सांगायला वाघाचं काळीज लागतं. आन् तुजा पाक गेला की तुज्यात उरतं काय, ह्ये मला ठावं व्हतं. म्हनून न्हाई सांगितलं."

लेकीनं चहा आणला. बयाबाईनं मला पिऊ दिला, पण स्वतः घेतला न्हाई. जाताना म्हणाली, "फाटकात म्हनशील तर यीन. तवढ्याच जोरात."

२९ सप्टेंबर, सोमवार

शेठकडं गेलो. त्यांनी आधीच ठरवलं होतं. म्हणाले, "गेणूभाऊ, तुमाला कामावरून काढणार नाही. पाक सविता काढेल. तुमी पाकिटं मोजा." म्हणजे जे मला पहिल्या दिवशी दिसलं होतं तेच. भट्टी राहिली, मी विझलो.

तेव्हा कौसर मध्ये पडली. तिनं शेठला फळ्याजवळ नेलं आणि दोन रकाने दाखवले. सविताचे सहा आणि पाच. पण त्या दोन दिवसांतली चिक्की दाताला चिकटते म्हणून एका दुकानदारानं पेटीच परत पाठवली होती. वाजायच्या जरा आधीच उतरवते ती, भीतीनं. "रंग, वास, उतरवून दाणे मिसळण्याचा वेग, हे तिच्यात अजून यायचंय," कौसर म्हणाली, "ते गेणूभाऊंकडे आहे. त्यांच्याकडे नाही तो फक्त एक आवाज. आणि तो हितं आधीच आहे, फुकट. पाच जणींच्या कानात आहे. दोन वर्षं त्या लाटणं उचलून सांगतच होत्या. गेणूभाऊंनी फक्त ताटलीऐवजी लाटण्याकडे बघायचं."

तिचा तिसरा नियम. मी ज्याला हसलो होतो तो. शेठनी दोन्ही रकाने बोट ठेवून परत वाचले. मग म्हणाले, "सगळ्यात जुना कान कुणाचा?"

म्हटलं, बयाबाईचा. आणि ती यायची असेल तर मला आधी फाटकात जाऊ द्या.

बयाबाईच्या लेकीला फोन केला. दुपारी फाटकात चार बाया, शेठ, कौसर सगळे आले. बयाबाई रस्त्याच्या पलीकडं उभी राहिली, आत आली न्हाई. मी म्हटलं, "ही चोर न्हाई. चूक माझी होती. माझे कान गेलेत, माझा पाक करपत होता आणि हिनं ते झाकलं. मी हिला चोर म्हटलं, ते मी खोटं बोललो."

किती जोरात म्हटलं ते मला कळलं न्हाई. पण पलीकडच्या गाडीवरचा वडेवाला झारा हातात धरून माझ्याकडं बघत राहिला होता, आणि मुंबईच्या एका गाडीनं काच खाली केली. तेवढं पुरे असावं, कारण बयाबाई रस्ता ओलांडून आली. माझ्याकडं न बघता आत गेली आणि आपलं लाटणं शोधायला लागली.

२ ऑक्टोबर, दसरा

कढईची, झाऱ्याची, लाटण्यांची पूजा झाली. काल सहा किलो, त्याआधी साडेसहा, आज पाच. शेठनी भट्टीला नारळ फोडला.

बयाबाई कढईच्या बरोबर समोर स्टुलावर बसते. मी गोळी टाकतो आणि तिच्याकडं बघतो. ती अजून माझ्याशी बोलत न्हाई. लाटणं तेवढं उचलते. पहिल्या दिवशी एकदा उचलायला जरा उशीर केला, मुद्दाम. मी घामाघूम झालो. मग उचललं. त्या एका क्षणात मला कळलं की दोन वर्षं त्या बायांना काय वाटत असेल.

सोमवारी भामा मला तळेगावला कानाच्या डॉक्टरकडं नेणार आहे. यंत्र घालायचं म्हटलं की अजून डोकं फिरतं. तरी जाईन. भिंतीवरचा डाग तिनं पुसला न्हाई.

कौसरचं काम आज संपलं, ती वह्या गोळा करतेय. म्हणाली, "तुमची खाजगी असेल तर राहू दे, भाऊ." हे ती मोठ्यानं म्हणाली, नीट तोंड उघडून. यात तिला चिमणी म्हटलंय, पोलीस म्हटलंय, भामाबद्दल नको ते लिहिलंय. आणि तेरा तारखेचं पान आहे. ते फाडायला हात गेला होता. बयाबाई स्टुलावरून बघत होती. तिला वाचता येत न्हाई, पण मी काय फाडतोय हे तिला बरोबर कळलं असतं.

फाडलं न्हाई. देतोय तशीच.